पाना-मातीची ५ मीटरची आकृती शाळेच्या मैदानात तीन दिवस टिकवायची कशी?

झाडीतली_मॅडम

नमस्कार मंडळी. साकोली तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून मैदानात एक मोठी गोल आकृती करून घ्यायची आहे. व्यास साधारण ५ मीटर. पाचवी ते सातवीची ३० मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. वापरायचं ते फक्त परिसरातलं: पानं, फुलं, काड्या, माती, राख, दगड. विकतचे रंग, फेविकॉल, तार, थर्माकोल काही नको. शुक्रवारी मांडणी, रविवारी सकाळी गावकरी बघायला येणार, सोमवारी सगळं उचलून मैदान मोकळं.

मैदान मुरमाड आहे, हलका उतार आहे, मागे मामा तलावाची (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावाची) पाळ. सागाची वाळली पानं भरपूर पडली आहेत, पळस फुलला आहे, राइस मिलमधून तूस मिळेल, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) तुरीच्या तुराट्या आहेत, पाळीवर बेशरम (पाण्याकाठी वाढणारं झुडूप) माजला आहे आणि तलावाचं पाणी उतरल्यामुळे कडेला काळा गाळ उघडा पडला आहे.

विचारायचं असं: दुपारी वारा सुटतो तेव्हा पानं उडू नयेत म्हणून काय करावं? किती पानं लागतील? कुठले रंग रविवारपर्यंत टिकतील? मधोमध कमरेएवढं उभं काही करता येईल का? आणि मुलांच्या दृष्टीनं कशाची काळजी घ्यावी? मापं सांगितली तर फार बरं होईल.

काडीमाती

मॅडम, अशा कामात सगळ्यांचं लक्ष फुलांकडे जातं आणि काम बिघडतं ते जमिनीमुळे. मुरमाची धूळ सुटी असली की पान तिच्यावर बसत नाही. कडेखालून वारा शिरतो, एक पान उचललं की शेजारची चार उठतात. म्हणून जमीन गुरुवारीच करून ठेवा. खराट्यानं सुटे खडे काढा, पाणी मारा, धुम्मस करा (ठोकून घट्ट करा), वर शेणाचा सडा. ५ मीटर व्यास म्हणजे जवळपास २० चौरस मीटर जागा. चौरस मीटरला एक लिटर सडा धरला तर २० लिटर, त्यात एक भाग शेण आणि तीन भाग पाणी. सड्यानं धूळ बसते आणि दुसरा फायदा रंगाचा आहे. शेणानं सारवलेली जमीन वाळली की एकसारखी गडद दिसते, तिच्यावर राख, तूस, पळस सगळं उठून येतं. तांबड्या मुरमावर नारिंगी फूल हरवून जातं.

आखणी सडा अर्धवट ओला असतानाच करा. मधोमध पहारीनं खड्डा करून खुंटी ठोका, सुतळीला मोकळा फास देऊन तो खुंटीत अडकवा, दुसऱ्या टोकाला चार इंची खिळा बांधा आणि ओरखडा काढत फिरा. फास मोकळा हवा हे महत्त्वाचं आहे. तो घट्ट बांधला तर सुतळी खुंटीभोवती गुंडाळत जाते, त्रिज्या कमी होत जाते आणि वर्तुळाची टोकं जुळत नाहीत. (सर्पिल काढायचं असेल तर मात्र हाच प्रकार मुद्दाम करायचा. १० सेंटीमीटर जाडीचा गोल लाकडी ओंडका खुंटी म्हणून घेतला तर प्रत्येक फेऱ्याला सुतळी ३१ सेंटीमीटरनं कमी होते आणि सगळ्या फेऱ्यांत अंतर सारखं राहतं.) सुतळी कोरडी ठेवा, ओली झाली की तिची लांबी बदलते.

तुमच्यासाठी चार वर्तुळं सुचवतो. त्रिज्या ०.६, १.४, २ आणि २.५ मीटर. सगळ्यात आत उभं काम. १.४ च्या वर्तुळात सहा पाकळ्या: तीच १.४ ची सुतळी परिघावर एका खुणेपासून पुढे टाकत गेलात की बरोबर सहा खुणा होतात. प्रत्येक खुणेवर खुंटी धरून तेवढ्याच सुतळीनं आतून कमान काढली की सहा पाकळ्यांचं फूल आपोआप तयार होतं. सातवीच्या मुलांना कंपासनं काढायला शिकवतो तेच, फक्त मोठं. १.४ ते २ हा पट्टा तुसाचा आणि २ ते २.५ हा बाहेरचा पट्टा सागाच्या पानांचा.

पानांचा हिशेब. बाहेरचा पट्टा भरतो साधारण ७ चौरस मीटर. मध्यम सागाचं पान म्हणजे ३० बाय २० सेंटीमीटर. कवेलूसारखं (कौलासारखं) एकावर एक अर्धं चढवत लावलं तर चौरस मीटरला ३५ ते ४० पानं. म्हणजे २५० ते २८०. गोळा मात्र ५०० करा, कारण देठाशी फाटलेली आणि अळीनं जाळी केलेली बरीच निघतात. ती जाळीची पानं फेकू नका. त्यांचा उपयोग पुढे लिहितो.

वाळलं सागाचं पान दुपारी हातात चुरतं. गोळा केलेली पानं गुरुवारी संध्याकाळी पाण्यात १५ ते २० मिनिटं बुडवा, मग ओल्या पोत्यात थर लावून वरून विटा ठेवा. सकाळी ती सपाट आणि लवचीक निघतात. लावताना देठ कापून टाका, देठाचा गाठाळ भाग पानाला जमिनीपासून उचलून धरतो. पानाच्या खालच्या बाजूला शिरा उठलेल्या असतात, ती बाजू जमिनीकडे ठेवा. पट्ट्यात आधी जाड शेणकाला पसरा, एकास एक पाणी, चौरस मीटरला २ लिटर. तो ओला असताना पान हातानं दाबून बसवा. एका वेळी मीटरभर लांबीचाच पट्टा सारवा. सगळा सारवून ठेवला तर मुलं पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि मग धरत नाही.

काम कायम मधून बाहेर यावं, नाहीतर केलेल्यावर पाय पडतात. पण यात एक अडचण आहे. मधून बाहेर लावत आलं की प्रत्येक नवी ओळ आतल्या ओळीवर चढते आणि पानांच्या मोकळ्या कडा केंद्राकडे राहतात. ज्या बाजूनं वारा येतो त्या अर्ध्या भागात हे चांगलंच, वारा पानावरून सरकून जातो. पण पलीकडच्या अर्ध्या भागात तोच वारा मोकळ्या कडेत घुसतो. तिथे पानांच्या आतल्या कडेवर ओल्या मातीची बोटभर जाड वरंबी घाला किंवा मुठीएवढे दगड ओळीनं ठेवा. वारा कुठून येतो ते आदल्या दिवशी दुपारी ३ च्या सुमाराला मूठभर धूळ सोडून बघून घ्या.

वैनगंगाकाठ

काडीमातीभाऊंनी जमिनीचं बरोबर सांगितलं. मी रंगांचं सांगतो, कारण झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) राहून रंग विकत आणायची गरजच नाही.

एका तुसाच्या पोत्यातून तीन रंग निघतात. कच्चं तूस सोनेरी. अर्धवट जाळून पाण्यानं विझवलं की काळं. पूर्ण जळू दिलं की करड्या-पांढऱ्या रंगाची राख. तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून जळल्यावरही वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते, लाकडाची इतकी उरत नाही. पद्धत: पत्र्याच्या डब्याला चारी बाजूंनी खिळ्यानं भोकं पाडा, डब्यात काड्या आणि कोळसे पेटवा आणि भोवती तुसाचा ढीग लावा. तूस ज्वाळा न धरता आतून बाहेर काळं होत येतं. काळेपणा बाहेरच्या थरापर्यंत आला की डबा काढून ढीग फावड्यानं पसरवा आणि भरपूर पाणी मारा. इथेच चूक होते. वरून विझल्यासारखं दिसतं, आत धग असते, आणि ढीग तसाच राहिला तर काही तासांनी पुन्हा पेटतो, सकाळी बघावं तर सगळी राख. म्हणून २ ते ३ सेंटीमीटरच्या थरात पसरून, हात लावून थंड असल्याची खात्री करा. पांढरी राख हवी असेल तर दुसरा ढीग न विझवता रात्रभर राखणीत जळू द्या. हे काम मोठ्यांनी करायचं, मंगळवार-बुधवारीच उरकायचं आणि सागाच्या पाचोळ्यापासून लांब करायचं. राख बारीक असते, चाळताना तोंडाला ओला रुमाल बांधा आणि मुलांना देण्याआधी पाण्याचा हबका मारा.

कच्चं तूस नुसतं ओतलं तर पहिल्याच वाऱ्यात कुंपणाला जाऊन लागेल. ते ओतायचं नाही, चिकटवायचं. १.४ ते २ मीटरचा पट्टा साडेसहा चौरस मीटरच्या आत आहे. त्यावर जाड शेणकाला, वरून तूस मुठीनं पेरायचं, फळीनं दाबायचं, तासाभरानं मऊ झाडूनं सुटं तूस काढून घ्यायचं. दोन ते तीन घमेली पुरतात. या पद्धतीनं तूस दुपारच्या वाऱ्यात हलत नाही.

आता फुलं. पळसाचं फूल शुक्रवारी लावू नका. पडलेलं फूल पहिल्या दिवशी भगभगीत नारिंगी असतं, दुसऱ्या दिवशी मातकट होतं, तिसऱ्या दिवशी कडा तपकिरी होऊन मुरडतं. पाकळ्यांच्या जागा शुक्रवारी फक्त आखून, सारवून मोकळ्या ठेवा आणि रविवारी पहाटे मुलांना झाडाखाली पाठवून ताजी पडलेली फुलं आणा. चौरस मीटरला साधारण ५०० फुलं बसतात. सहा पाकळ्यांचा मधल्या वर्तुळाबाहेरचा भाग सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ६०० ते ७०० फुलं. ३० मुलांना अर्ध्या तासाचं काम आहे, झाड हलवायचीही गरज नाही. फुलाचा देठाकडचा पेला काळपट आणि मखमली असतो. तो खाली रोवला तर वर नारिंगी दिसतं, उलटा ठेवला तर काळे ठिपके. पाकळीची कड उलट्या फुलांनी आणि आतला भाग सुलट्या फुलांनी भरला तर दुरून काळी रेघ ओढल्यासारखी दिसते, दुसरा कुठलाच रंग लागत नाही.

हिरवा सगळ्यात अवघड. कडुलिंब, शेवगा, चिंच यांची पानं संध्याकाळपर्यंत आकसून मुरडतात. आंबा, जांभूळ, वड यांचं जून झालेलं जाड पान दोन दिवस बऱ्यापैकी हिरवं राहतं. हळद वापरू नका, उन्हात उडते. तांबडा हवा असेल तर वीटभट्टीवरचा चुरा चाळून घ्या किंवा गेरू. दोन्हीला ऊन काही करत नाही. काटेसावरीची फुलं सुंदर दिसतात, पण मांसल असतात, उन्हात काळी पडून चिकट होतात आणि त्यावर मुंग्या येतात. रविवारच्या दोन तासांसाठी ठीक, त्याहून जास्त नाही. मोह गळायला लागला असेल तर त्याला हात लावू नका. ती लोकांच्या घरची वस्तू आहे, आणि तिच्या वासानं अस्वल गावाकडे येतं.

जाळीच्या पानांबद्दल भाऊ लिहिणार होते ते मीच लिहून टाकतो. गडद सारवलेल्या जमिनीवर जाळीचं पान ठेवा, चारी कडा बोटांनी दाबून धरा, वरून चाळणीनं पांढरी राख पाडा आणि पान सरळ वर उचला. शिरांच्या जागी जमीन गडद राहते, भोकांच्या जागी राख पडते. एका शिरेला दुसरी बारीक शीर कुठे फुटते तेसुद्धा मोजता येतं. अट एवढीच की जमीन पूर्ण कोरडी हवी, पान कोरडं हवं आणि वारा नको. पहाटे ६ ते ८ ची वेळ बरी. सागाचं धड पान ठेवलंत तर नुसती सावली उमटेल, तीही छान दिसते.

पऱ्हाटी_तुराटी

मधल्या उभ्या कामाबद्दल. तुराट्यांचा विणलेला घुमट करा. १.२ मीटर व्यासाचं तुमचं आतलं वर्तुळ त्याला नेमकं पुरतं.

उभ्या काठ्या ११ घ्या. विषमच हव्यात. एकच वेल घेऊन आत-बाहेर विणत गेलं की पुढच्या फेरीत ती आपोआप उलट बाजूनं जाते. १० किंवा १२ काठ्या घेतल्या तर दुसऱ्या फेरीतही ती त्याच बाजूनं जाते आणि वीण घट्टच होत नाही. परिघ पावणेचार मीटरच्या वर आहे, त्यामुळे दोन काठ्यांत ३४ सेंटीमीटर अंतर येतं. प्रत्येक जागी पहारीनं २० सेंटीमीटर खोल भोक पाडा. मुरमात त्याहून उथळ भोक धरत नाही. एक तुराटी पातळ असते, म्हणून तीन-तीन एकत्र बांधून एक काठी समजा. एकूण ३३ तुराट्या, पाच फुटांच्या वरच्या. बुंधा खाली.

वाळली तुराटी वाकवली की कट्कन मोडते. आदल्या रात्री तलावात दगडाखाली दाबून ठेवा, सकाळी गुडघ्यावर हळूहळू वाकवा, एका जागी जोर न देता हात सरकवत. शेंडे मधोमध एकत्र करून अंबाडीच्या वाखानं किंवा सुतळीनं बांधा. भोकात काठी बसवल्यावर कडेनं खडे ठोकून घट्ट करा, नुसती माती भरली तर हलते.

विणायला बेशरम. त्याचं ओलं खोड पोकळ, लांब आणि लवचीक असतं, बांबू फोडत बसण्यापेक्षा मुलांच्या हाताला सोपं. पानं ओरबाडून काढा. १५ सेंटीमीटर अंतरावर तीन-तीन फेऱ्यांचे पट्टे विणा, चार पट्टे झाले की कमरेपर्यंत काम येतं. मधे मोकळं ठेवल्यानं वारा आरपार जातो आणि रविवारी सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली पाकळ्यांवर पडते. चीक हाताला लागतो, काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे, तोवर डोळ्याला लावायचे नाहीत. बकऱ्यांसाठी बेशरम विषारी आहे, तेव्हा ढीग उघड्यावर टाकू नका. आणि सोमवारी काढल्यावर तुकडे पाळीवर किंवा ओल्या जागी मुळीच टाकायचे नाहीत. प्रत्येक तुकड्याला मुळं फुटतात. छतावर किंवा डांबरी रस्त्यावर कडकडीत वाळवून मगच टाका.

आमच्या कापसाच्या पट्ट्यात हेच काम पऱ्हाट्यांनी (कापसाच्या वाळल्या झाडांनी) करता येतं, पण पऱ्हाटी वापरली तर तिच्यावर राहिलेली सगळी बोंडं आधी तोडून नष्ट करायची. गुलाबी बोंडअळी त्या बोंडांतच दडून राहते, आणि शाळेत पऱ्हाटीचं काम जूनपर्यंत उभं राहिलं तर पुढच्या हंगामाला अळी तिथूनच शेतात जाते. तुमच्याकडे तुराटी आहे, तीच वापरा.

हे मधलं काम सगळ्यात आधी करा. घुमटाभोवती चार-पाच जण उभे राहतात, त्या वेळी बाकी जमीन रिकामी असलेली बरी.

झाडीतली_मॅडम

सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. पाकळ्यांच्या मधल्या जागेत तलावाचा काळा गाळ भरायचा विचार आहे, पण तो वाळून फाटेल ना? आणि पानं एकमेकांना जोडून लांब पट्टी करायची असेल तर बाभळीचा काटा चालेल का?

काडीमाती

गाळ फाटणारच मॅडम, आणि तो फाटू द्या. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, तिला कुठेतरी तुटावंच लागतं. थर जितका जाड तितके तुकडे मोठे. १ सेंटीमीटरचा थर बारीक-बारीक तुकड्यांत फुटतो आणि कडा वर वळतात, कारण वरचा पापुद्रा आधी वाळतो. ४ ते ५ सेंटीमीटरच्या थरात विताएवढे तुकडे पडतात, पण तो तुमच्या वेळेत वाळणार नाही. २ सेंटीमीटर घ्या. पाकळ्यांमधली जागा पावणेचार चौरस मीटर आहे, म्हणजे ७५ लिटर गाळ, सात-आठ घमेली. तो शुक्रवारी नाही, बुधवारी संध्याकाळी टाका, म्हणजे जमीन मंगळवारी आणि घुमट बुधवारी दुपारपर्यंत व्हायला हवा. गुरुवारच्या सड्याऐवजी मंगळवारचा सडा धरा. गाळ टाकायच्या आधी त्यातले शिंपले, मुळं, काचेचे तुकडे हातानं नाही, फावड्यानं चाळून काढा. लापशीपेक्षा थोडा घट्ट असावा. फार पातळ केला तर पाकळ्यांच्या जागेत वाहतो. कडेला तात्पुरत्या विटा लावा आणि थर धरल्यावर त्या काढून घ्या.

शुक्रवारी केसाएवढ्या भेगा दिसतील, रविवारपर्यंत बोट जाईल न जाईल अशा रुंद होतील. रविवारी पहाटे त्या भेगांत चमच्यानं पांढरी राख भरा. काळ्या गाळात पांढऱ्या रेघांचं जाळं उमटतं आणि शेजारी पळसाचं नारिंगी. मला विचाराल तर तुमच्या आकृतीतला सगळ्यात देखणा भाग हाच होईल, फुलांपेक्षा. ज्यांना भेगा नको असतील त्यांनी गाळाच्या एका घमेल्याला दोन घमेली वाळू आणि मूठ-दोन मूठ बारीक कापलेलं तणस (भाताचा पेंढा) मिसळावं. आधी बोटाएवढी वळी करून एक दिवस उन्हात ठेवून बघावी. ती फाटली नाही तर थरही सहसा फाटत नाही.

काट्याचं म्हणाल तर बाभळीचा वाळलेला काटा सरळ, टणक आणि पांढरा असतो, पानात टाचणीसारखा बसतो. सातवीच्या मुलांना चालायला हरकत नाही.

गडचिरोली_पायवाट

काट्याच्या बाबतीत मी सहमत नाही. ३० मुलं खाली बसून काम करणार, बरीच अनवाणी. गळालेला एक काटा पुरे. आणि बाभूळ म्हणून विलायती बाभळीचा काटा कुणीतरी आणतोच, तो टोचला की जखम सुजते आणि पिकते. त्यापेक्षा पत्रावळ लावायची रीत घ्या. बांबूची काडी चाकूनं काडेपेटीच्या काडीहून बारीक करा, ६-७ सेंटीमीटर लांब. दोन पानं एकमेकांवर दोन बोटं चढवा, काडी वरून खाली, पुन्हा खालून वर काढा आणि उरलेलं टोक मोडून टाका. टाका पानाच्या मधल्या शिरेजवळ घ्या, कडेला घेतला तर पान फाटतं. सागाच्या भिजवलेल्या पानाला हे छान बसतं. गावातल्या ज्या बायका अजून पत्रावळी लावतात त्यांना एक तास शाळेत बोलवा, मुलं बघून शिकतात. पळसाचं पान हवं असेल तर मार्चमध्ये झाड बहुतेक निष्पर्ण असतं, ते एप्रिल-मेमध्ये मिळेल. पळसाला पानं तीनच, त्यातलं मधलं दोन्ही बाजूंनी सारखं असतं आणि बाजूची दोन तिरपी. सरळ पट्टीला मधलं, वळणाला बाजूची घ्यायची.

काळजीचं आता. पाचोळ्यात हात घालण्याआधी लांब काठीनं उलटापालट करा. घोणस वाळल्या पानांत दिसत नाही. दगड उचलताना तो आपल्याकडे कलंडवायचा, म्हणजे खालचा विंचू पलीकडच्या बाजूनं निघतो. मुलांच्या पायात बूट नाहीत तर गोळा करायचं काम मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना द्या, लहान मुलं मांडणीला. खाजकुहिलीच्या वाळलेल्या शेंगा या दिवसांत वेलावर असतात. तिची लव वाऱ्यानंसुद्धा अंगावर येते. लागली तर चोळायचं नाही, कपडे बदलायचे. बिब्याचं झाड मुलांना आधी दाखवून ठेवा, त्याच्या तेलानं कातडीला फोड येतात. गाजरगवत, रुई आणि धोतरा यांना यादीतून काढूनच टाका. कितीही सुरेख दिसोत.

पानं शाळेच्या आवारातून, रस्त्याच्या कडेनं, धुऱ्यावरून गोळा करा. जंगलात शिरायची गरज नाही, आणि नवेगाव-नागझिराच्या लगतचं गाव असेल तर पहाटे-संध्याकाळी मुलांना तिकडे पाठवूच नका. पहाटेचा पळससुद्धा गावाशेजारचाच निवडा आणि सोबत मोठं माणूस द्या. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेच्या कानावर घाला, त्यांना आवडतं आणि तुराट्या-बांबूची सोयही होते.

आगीचं विसरू नका. सागाची पानं, तुराट्या आणि मार्चचं ऊन. आकृतीभोवती एक मीटर पट्टा झाडून मोकळा ठेवा, दोन बादल्या पाणी जवळ, बिडी ओढणाऱ्यांसाठी सूचना फळ्यावर लिहून लावा. शनिवारी रात्री बकऱ्या आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकाला कुलूप.

झाडीतली_मॅडम

गडचिरोलीच्या भाऊंचं पटलं, बांबूच्या काड्याच घेऊ. पत्रावळी लावणाऱ्या दोन आज्या गावात आहेत, त्यांना विचारते. शेवटचं एकच. शनिवारी अवकाळी आला तर? ताडपत्री टाकून ठेवावी का?

काडीमाती

ताडपत्री नको. वाऱ्यात ती फडफडते आणि पानं खरवडून नेते, आणि खाली वाफ धरली की शेणकाला पुन्हा मऊ होऊन तूस सुटतं. झाकायचंच असेल तर चारी बाजूंनी तीन-तीन विटा रचून त्यावर बांबूचे तट्टे टाका, तेही फक्त मधल्या गाळावर. खरा उपाय चराचा. चढाच्या बाजूला आकृतीपासून अर्ध्या मीटरवर १० सेंटीमीटर खोल चर खणा, दोन्ही टोकं उताराकडे वळवा आणि निघालेली माती आकृतीच्या बाजूला ठेवून वरंबी करा. वरून पडणाऱ्या पावसानं तितकं बिघडत नाही, जितकं मैदानावरून वाहत आलेल्या पाण्यानं बिघडतं. तूस तरंगून वाहून जातं.

पाऊस पडून गेलाच तर सागाची पानं जागेवर राहतात, ती हलवू नका. गाळाच्या भेगा बुजतील, रविवारी ऊन लागल्यावर पुन्हा उघडतील, पण सकाळी ८ पर्यंत नाही. तेव्हा त्या भागात राख भरण्याऐवजी वैनगंगाकाठ यांनी सांगितलेले पानांचे राखेचे ठसे काढा. त्यांनी कोरड्या जमिनीची अट घातली ती सारवलेल्या जमिनीसाठी. ओल्या गाळावर राख चिकटून बसते आणि पान उचलताना ठसा पुसला जात नाही, फक्त पान तेवढं कोरडं घ्या. त्यासाठी एक घमेलं तूस, अर्धं घमेलं राख आणि ५०-६० सागाची पानं वर्गात कोरडी राखून ठेवा. राखेवर झाकण ठेवा, वर्गातला पंखा लावला की ती सगळीकडे होते.

वैनगंगाकाठ

आणि मॅडम, फोटो घ्यायचा असेल तर शाळेच्या छतावरून, सकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. ऊन तिरपं असताना पानांच्या शिरा आणि भेगा दोन्ही दिसतात, ११ नंतर सगळं सपाट येतं. शुक्रवारपासून रोज त्याच जागेवरून एक फोटो घ्या, छतावर उभं राहायच्या जागी खडूनं पावलांची खूण करून ठेवा. सोमवारी काढलेलं सगळं, बेशरम आणि दगड सोडून, शाळेत नाडेपचं (कंपोस्ट खताचं) टाकं असेल तर त्यात जाऊ द्या. शेण, तूस, पानं आणि गाळ थरावर थर टाकले तर चांगलं खत होतं, फक्त सागाची पानं आधी तुडवून बारीक करा. अख्खी पानं एकावर एक चिकटून बसतात आणि आत पाणी जात नाही.